वाटसरूची भाकरी

"भिंत बांधायला ओळंबा लागत नाही, नजर लागते," मी शलाकाला सांगत होतो. माझी नजर कशी आहे या विषयावर येणार, एवढ्यात हुसेन मिस्त्रींनी मागून येऊन माझ्या भिंतीला ओळंबा सोडला. दोरी वरच्या दगडाला टेकली आणि खालचा लोखंडी गोळा भिंतीपासून चांगला वीतभर लांब लोंबत राहिला. मिस्त्रींनी तो पूर्ण थांबू दिला. मग दोरी गुंडाळून खिशात टाकत म्हणाले, "पडायची न्हाई. पण लांबनं बघणाऱ्याला वाटंल, रस्त्यानं कोण येतंय ते वाकून बघतीय."

शलाका हसायला लागली ती थांबेना. मीही हसलो. दुसरा काही इलाज नव्हता.

ही शहाऐंशी सालची दिवाळी. शलाका पेंडसे पुण्याला विम्याच्या ऑफिसात चार वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होती. नवरात्रात मी धीर करून तिला लग्नाचं विचारलं. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी श्रमदान शिबिराला चाललेय, म्हणाली, तूही ये, आठ दिवस चुन्यात लोळ, शेवटच्या दिवशी उत्तर देते. तिचं मत असं की माणूस ऑफिसात कळत नाही, घमेलं उचलताना कळतो. मी तोवर आयुष्यात भरल्या बादलीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. तरी नाव नोंदवलं.

शिबिर होतं वारघडच्या खिंडीत. देशावरून कोकणात उतरणारा जुना रस्ता, माथ्यावर खिंड आणि खिंडीच्या तोंडाशी, रस्त्याला अगदी खेटून, दीडशे वर्षांची धर्मशाळा. काळ्या दगडाच्या पाच कमानी, आत एक लांबलचक ओवरी, बाजूला विहीर. एकाही कमानीला दार नव्हतं. मोडलं नव्हतं की चोरीला गेलं नव्हतं, मुळात बसवलेलंच नव्हतं. वाटसरू कुठल्याही वेळी येवो, त्याला दार वाजवावं लागू नये, असं ती बांधणाऱ्या बाईचं म्हणणं होतं म्हणे. आता एक बाजू ढासळली होती. ती जुन्या पद्धतीनं, चुन्यात गूळपाणी आणि बेलफळाचा गर मळून, पुन्हा उभी करायची होती. दोन दिवसांत निम्मा गूळ आम्हीच चाटून संपवला.

शिबिर चालवायचे ते कर्णिक सर. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, गळ्यात कायम शिट्टी. शिट्टीवर उठायचं, शिट्टीवर प्रार्थना, शिट्टीवर चहा, तोही माणशी एकच कप. संध्याकाळी शिट्टीवर उंचीप्रमाणे रांग आणि मोजणी. आम्ही चोवीस जण होतो. मी सगळ्यांत उंच, म्हणून रांगेच्या टोकाला उभं राहून "चोवीस" म्हणायचं काम माझं. पण सरांचा सगळ्यांत लाडका नियम ताटाचा. अन्नाचा कण वाया जाता कामा नये. जेवणं झाली की ते स्वतः ताटं तपासत. कढीपत्त्याची पानं टाकली म्हणून त्यांनी एका वकिलाला सगळ्यांसमोर ती चावून खायला लावली होती.

स्वयंपाकाला खालच्या वाडीतली ठकूबाई यायची. साठीची, काटक, कमी बोलणारी. आमची पानं वाढण्याआधी ती पहिली भाकरी, वर कांदा, आणि पाण्याचा तांब्या असं शेवटच्या कमानीतल्या कोनाड्यात ठेवून यायची. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, हे कोणासाठी. ती म्हणाली, वाटसरूसाठी. तिच्या सासूनं ठेवली, सासूच्या सासूनं ठेवली, रस्त्यानं कुणी आलं न आलं तरी ठेवायची. संध्याकाळी कोनाडा रिकामा असायचा. सर म्हणाले, कावळे. मी म्हणालो, माकडं. तशी खिंडीत माकडं पुष्कळ होती. पण त्या आठ दिवसांत एकही कमानीच्या आत आलेलं मी पाहिलं नाही. वाडीतलं कुत्रं ठकूबाईच्या मागोमाग रोज वर यायचं आणि रस्त्याच्या पलीकडेच बसून राहायचं. शलाकानं त्याला बिस्किट दाखवून बोलावून पाहिलं. त्यानं बिस्किटाकडे बघितलं, कोनाड्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

सातव्या दिवशी दुपारी ढग वर चढून आला. तिथे तसंच होतं. लख्ख ऊन असतं आणि कोकणाच्या बाजूनं एकदम पांढरं काहीतरी खिंडीत घुसतं, मग हात लांब केला तर बोटं धूसर दिसतात. ताटं तपासून झाल्यावर सरांची नजर कोनाड्यावर गेली. सहा दिवस त्यांनी ते सहन केलं होतं. त्यांनी शिट्टी वाजवली. म्हणाले, आपण चोवीस जण कण कण वाचवतो आणि इथे रोज अख्खी भाकरी माकडांना, हे शिस्तीत बसत नाही. ही भाकरी कोण संपवणार?

कुणी पुढे येईना. सगळे सुशिक्षित, भुताखेतांवर कुणाचा विश्वास नाही, पण प्रत्येकाचं पोट अचानक फार भरलं होतं. शलाका माझ्याकडे बघत होती. सकाळचा ओळंबा अजून माझ्या मनातून गेला नव्हता. मी उठलो, कोनाड्यापाशी गेलो आणि सगळ्यांच्या देखत ती भाकरी कांद्यासकट खाल्ली. वर तांब्यातलं पाणी प्यालो. पाणी इतकं गार होतं की दात दुखले. ठकूबाई चुलीजवळून बघत होती. तिनं मला अडवलं नाही. फक्त डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

थोडं पडून मी कामाला गेलो. दगड पोचवायला माणसांची साखळी लागली होती. मी रोजच्या जागी, शलाका आणि वकिलांच्या मध्ये, जाऊन उभा राहिलो. शलाकानं दगड घेतला आणि माझ्या पोटासमोरून हात लांबवून वकिलांच्या हातात दिला. पुढचाही तसाच. मी म्हटलं, अगं, मी आहे इथे. तिनं वळून बघितलं आणि फार गोड हसली.

"तुम्ही कशाला त्रास घेताय?" ती म्हणाली. "दमून आला असाल. बसा ना कट्ट्यावर."

मला वाटलं, भिंतीवरून माझी गंमत चाललीय. मी म्हटलं, बरं, बसतो. हुसेन मिस्त्रींनी मला हाताला धरून भिंतीपासून बाजूला नेलं. पाव्हणं, हिकडं बसा, डोक्यावर चुना पडंल, असं म्हणाले. सकाळपर्यंत ते मला खांबेटे म्हणत होते, तेही मूड असेल तर. कर्णिक सर स्वतः चहा घेऊन आले. मी प्यालो. त्यांनी दुसरा कप विचारला. सात दिवसांत त्या माणसानं कुणाला दुसरा कप दिला नव्हता. अख्ख्या शिबिरानं मिळून इतकी बारकाईनं थट्टा करावी, याचं मला कौतुक वाटलं. मी कट्ट्यावर पाय हलवत बसलो आणि सगळे कधी फुटतात त्याची वाट बघू लागलो.

संध्याकाळी शिट्टी झाली. धुक्यात रांग उभी राहिली. मी मुद्दामच उठलो नाही. म्हटलं, आता तेविसावर अडतील आणि झक मारत मला हाक मारतील. एक, दोन, तीन करत आकडे माझ्या जागेकडे सरकत आले. वकील "बावीस" म्हणाले. त्यांच्या पलीकडचा "तेवीस" म्हणाला. मग जरा थांबून रांगेच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, "चोवीस."

आवाज कोरडा होता. फार दिवस न बोललेल्या माणसाचा असतो तसा. मी उठून टोकाकडे गेलो, पण तोवर सरांनी "पूर्ण" म्हणून शिट्टी वाजवली होती आणि रांग मोडली होती.

त्यानंतर मी पाय हलवले नाहीत.

माझी वळकटी ओवरीत माझ्या जागेवर नव्हती. ती हरवल्या-सापडल्या सामानाच्या खोक्यावर ठेवलेली होती, फारच नीट घडी घालून. कामाच्या फळ्यावर आमच्या गटाची नावं होती. चार. माझं पाचवं खोडलेलं नव्हतं, पुसल्याचा डागही नव्हता. मी सरांना माझं नाव सांगितलं, ऑफिस सांगितलं, पोस्टाचा पत्ता सांगितला. ते अदबीनं मान डोलवत राहिले आणि म्हणाले, वा, म्हणजे बराच लांबचा प्रवास झाला तुमचा. निजायला मला त्यांनी सगळ्यांत चांगली, वारा न लागणारी जागा दिली. मला झोप लागली नाही.

सकाळी, शेवटच्या दिवशी, शलाका माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि कट्ट्यावर शेजारी बसली. ऑफिसात ती माझ्याशी बोलायची तेव्हा नेहमी थोडी सावध असायची. आता मोकळी होती. अनोळखी माणसाशी माणूस मोकळा होतो, त्यातलं ते. धुकं अजून उठलं नव्हतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला कधी असं झालंय का, की उत्तर तयार आहे आणि ते कुणाला द्यायचं तेच आठवत नाही?"

मी म्हटलं, कसलं उत्तर.

"एकानं मला लग्नाचं विचारलंय. मी त्याला म्हटलं होतं, शिबिराच्या शेवटच्या दिवशी सांगते. तो शेवटचा दिवस आज. मी हो म्हणणार आहे. जरा घाबरवून मग हो म्हणणार आहे. आणि सकाळपासून मेलं त्याचं नावच आठवत नाहीये. चेहरासुद्धा नाही. एवढं माहीत आहे की तो इथे यायचा होता."

मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, शलाका, तो मी आहे. विश्राम. विश्राम खांबेटे.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. खरंच प्रयत्न करून बघितलं, हे मला दिसलं. मग ती कट्ट्यावर जराशी पलीकडे सरकली. असभ्य वाटणार नाही इतपतच.

"तुम्ही चहा घ्या," ती म्हणाली. "गार होतोय."

दुपारी समारोप होता. प्रमुख पाहुणे म्हणून पंचायतीचे सभापती यायचे होते, पण धुक्यामुळे त्यांची जीप अर्ध्या घाटातून परत गेली. कर्णिक सरांनी पाच मिनिटं विचार केला आणि मला खुर्चीवर बसवलं. या वास्तूत वाटसरूपेक्षा मोठा पाहुणा कोण, असं ते प्रास्ताविकात म्हणाले. टाळ्या पडल्या. शलाकानंच मला नारळ दिला. मग सर भिंतीवर आले. माझ्या. ते म्हणाले की ढासळलेल्या बाजूची ही एक भिंत मात्र आपल्यापैकी कुणी बांधलेली नाही, तेव्हा ती मूळचीच असली पाहिजे. तिचा बाहेरचा कल हा जुन्या गवंड्यांनी पावसाचं पाणी दूर पडावं म्हणून विचारपूर्वक ठेवलेला आहे आणि तो आपण जसाच्या तसा जपणार आहोत. हुसेन मिस्त्रींनी उठून भिंतीला नख लावून पाहिलं. चुना ओला हाय, म्हणाले. सर म्हणाले, जुना चुना असाच राहतो.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी ठरवलं की आता सगळं बोलायचं. एकेकाचं नाव घेऊन सात दिवसांतलं, बाहेरच्या कुणालाच कळणार नाही असं सांगत गेलो. वकील झोपेत अशिलाशी भांडतात. गूळ कुणी कुणी चाटला. आणि ताटं तपासणारे कर्णिक सर स्वतः कारल्याची भाजी वहीच्या कागदात गुंडाळून विहिरीमागे पुरतात, हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलंय. लोक पोट धरून हसले. सगळ्यांत जास्त सर हसले. एका दिवसात केवढं हे निरीक्षण, असं म्हणून त्यांनी माझे आभार मानले. शलाका टाळ्या वाजवत होती. तिच्या चेहऱ्यावर मला ओळखल्याची एक रेघसुद्धा नव्हती.

तीनला बस होती. मी नारळ घेऊन चुलीकडे गेलो. ठकूबाई भांडी घासत होती. मी विचारलं, मावशी, तुम्ही तरी मला ओळखता का.

"न्हाई," ती म्हणाली. "वाटसरूला कोण वळखतंय? पर तुमी काय केलंय ते कळतंय. काल भाकर ठेवली, पर आज ठेवाया हात उचलंना. म्हंजी वाटसरू येऊन बसलाय."

ती शांतपणे सांगत होती, जणू रस्ता विचारणाऱ्याला रस्ता. त्याचा घास खाल्ला की त्याची जागा आपली, आणि आपली त्याची. त्याला कुणी नाव विचारत नाही, कुणी टाकूनही बोलत नाही, सगळे प्रेमानंच वागतात. तिच्या सासूच्या काळी एका शिपायानं खाल्ली होती. तो इथेच राहिला, आज ओळखतील, उद्या ओळखतील करत. चांगला म्हातारा होऊन मेला. त्या दिवसापासून कोनाड्यातली भाकरी पुन्हा जायला लागली.

मी विचारलं, यातून सुटायचं कसं.

"वाटसरू आलाय तर त्यानं जावं. आला त्या अंगानं न्हाई, पलीकडच्या. खिंड वलांडून कोकणात उतरायचं, पायी. आन् मागनं हाक आली तर वळायचं न्हाई. कुणाचीबी असली तरी."

बस देशाकडे जाणार होती. शलाका बसमध्ये असणार होती. मी एकदा बसच्या दाराशी गेलो. चोवीस आसनं, शलाकाचं सोडून सगळी भरलेली. मागच्या बाकावर खिडकीशी कुणीतरी पाठमोरं बसलेलं होतं, काच धूसर, नीट दिसलं नाही. शलाका दाराशी उभी राहून सामान चढवून घेत होती. मी तिच्याजवळ उभा राहिलो. तिनं मला विचारलं, कोकणात उतरणार ना, जपून जा, वाट निसरडी असेल. मी हो म्हटलं. थांबलो असतो तर त्या शिपायासारखा कट्ट्यावर म्हातारा झालो असतो, आणि ती पुण्यात बसून नाव नसलेल्या माणसाला हो म्हणायला थांबून राहिली असती. खाली उतरलो तर निदान मी मी राहणार होतो, आणि सोमवारी ऑफिस होतंच. असा मी हिशेब केला आणि चालायला लागलो.

खिंड शंभर पावलांची आहे. दोन्हीकडे ओला काळा कातळ. पलीकडे रस्ता एकदम उतरतो. मी उतरणीला लागलो न लागलो तोच मागून हाक आली.

"विश्राम!"

शलाकाचाच आवाज. त्यात काही कोरडं नव्हतं, काही खोटं नव्हतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मारायची तशीच हाक, फक्त धावत आल्यासारखी धापा लागलेली. माझी मान वळायला निघाली. मी दोन्ही हातांनी नारळ घट्ट धरला आणि पायांकडे बघत चालत राहिलो. पुन्हा हाक आली. पुन्हा एकदा आली, या वेळी जरा बारीक. मग आली नाही. माझ्या पायांखालचा रस्ता कोरडा होत गेला, ऊन लागलं आणि खाली कौलांची घरं दिसली. तळाच्या थांब्यावर एसटीच्या कंडक्टरनं मला नाव विचारलं नाही, पण पुण्याच्या तिकिटाला सुटे पैसे नाहीत म्हणून खेकसला. मला इतका आनंद झाला की मी त्याला नारळ देऊन टाकला.

सोमवारी ऑफिसात सगळ्यांनी मला ओळखलं. साहेबांनी तर रजेच्या अर्जातली चूक दाखवून ओळखलं. शलाका तिच्या टेबलावर होती. माझ्याकडे न बघता फायली लावत होती. दुपारपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, "शिबिराला का आला नाहीस?"

मी तिला सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच. भाकरी, रांग, कट्ट्यावरचा चहा. ती हो म्हणणार होती, तेही सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"तिथे एक वाटसरू आला होता खरा," ती म्हणाली. "त्याला मी काहीतरी सांगितलं. तो तुला कुठे भेटला मला माहीत नाही, पण त्यानं ते तुला सांगायला नको होतं." तिनं पेनाचं टोपण लावलं. "आठ दिवस मी वाट बघितली. शेवटी निघताना खिंडीपलीकडे तुझ्यासारखा कुणीतरी पाठमोरा दिसला. एकदम सगळं आठवलं, तू, तुझं नाव. मी बस सोडून धावत गेले. तीन हाका मारल्या. तो वळला नाही, तेव्हा कळलं की तू नाहीस."

मी टेबलावरचा रजेचा अर्ज उगाच सरळ केला.

"तू असतास तर वळला असतास," ती म्हणाली.

जेवणाची सुट्टी झाली. ती डबा घेऊन उठली. मी तिच्या मागोमाग उठलो, तर चपलेचा अंगठा तुटला. चप्पल ओढत कॅन्टीनमध्ये पोचेपर्यंत तिच्या शेजारच्या खुर्चीत आस्थापना शाखेतला निमकर बसला होता. वैशाखात त्यांचं लग्न झालं.